नैऋत्य कोपऱ्यातला तथास्तु

अबू हलीफातला माझा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट सप्टेंबर नव्वदमध्ये विकला गेला आणि त्याची किंमत म्हणून मला बसमधली एक सीट मिळाली. खिडकीची.

आता हे वाक्य कुणी वाचलंच नाही असं धरू. फ्लॅट विकलेला नाही. मी अजून हॉलमध्ये येरझारा घालतोय, खाली उस्मानभाईंच्या बकाल्यासमोर, म्हणजे त्यांच्या किराणा दुकानासमोर, पावाची रांग लागलेली आहे, आणि जे व्हायचं ते सगळं व्हायचंच आहे. असं धरलं की मला जरा बरं वाटतं, म्हणून तुम्हीही धरा. तुमचं काय जातंय?

तर फ्लॅट. ‘माझा’ म्हणजे काय, ते आधी सांगतो. कुवेतमध्ये आपल्यासारख्याला वीतभर जागा विकत घेता येत नाही. आपण घेतो ती चावी. आधीचा भाडेकरू जाताना आपल्याकडून एकदम पैसे घेतो आणि त्याच्या जागी, त्याच्याच जुन्या भाड्यात आपल्याला शिरू देतो. सोबत दोन एसी, गालिचा, किचनची कपाटं आणि भिंतीतले खिळे. मालकाने फक्त मान हलवायची असते. माझा मालक मान हलवून उन्हाळ्यासाठी स्पेनला गेला.

मी शुऐब्याच्या एका प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. प्रेशर गेज खरं बोलतंय की खोटं, एवढं ओळखायचा पगार. अब्बासियात एका खोलीत सहाजण राहायचो. डिसेंबरात नाशिकला जाऊन लग्न केलं आणि शलाकाला तिथेच ठेवून परत आलो, कारण बायकोला आणायचं तर फॅमिलीचा फ्लॅट हवा. तशात घरांचे भाव पडलेले. “घेऊन टाक,” आमचे फोरमन रामभाऊ म्हणाले. “याच्यापेक्षा खाली काय जाणार?”

हे वाक्य त्यांनी अब्बासियात उच्चारलं. तिथे तथास्तु म्हणायला कुणी नव्हतं. तरी ते लागू पडलं, म्हणजे काही वाक्यं स्वतःच्या पायावर चालतात.

पैसे भिशीतून आले. नंबर होता चारुशीलाताईंचा. ताई देवरुखच्या, एका सरकारी इस्पितळात स्टाफ नर्स, नवरा वारलेला, मुलगा तिकडे मामाकडे बारावीला. माझ्या फ्लॅटच्या समोरचंच दार त्यांचं. फ्लॅट रिकामा होतोय हे त्यांनीच मला कळवलं आणि भिशीचा आपला नंबरही मला दिला.

“दर महिन्याला थोडे थोडे फेड,” त्या म्हणाल्या. “आणि बायकोला लवकर आण. तुझे विनोद ऐकायला हक्काचं माणूस होईल. आमची सुटका.”

जुलैत वास्तुशांत केली. आईने एका येणाऱ्याबरोबर चांदीचा वास्तुपुरुष पाठवला होता. अंगठ्याएवढा. तो घराच्या आग्नेय कोपऱ्यात, फरशीखाली पालथा पुरायचा, आणि घरात कुणी काहीही बोललं की तो पडल्या पडल्या तथास्तु म्हणतो. एवढंच त्याचं काम. शिफ्ट नाही, ओव्हरटाइम नाही. म्हणूनच आपल्याकडे घरात वाईट बोलू देत नाहीत.

भटजी मिळेना, म्हणून रामभाऊ. त्यांच्याकडे पूजेची कॅसेट होती. टेपरेकॉर्डर सांगायचा आणि रामभाऊ ‘हं, पाणी सोड’ म्हणून खूण करायचे. मध्येच बाजू संपली. कॅसेट उलटली तर दुसऱ्या बाजूला त्यांच्या मुलीने म्हटलेले पाढे होते. रामभाऊंना बंद करायचं बटण सापडेपर्यंत माझ्या घरावर तेराचा पाढा झाला.

“आग्नेय कुठली हो?” ताईंनी विचारलं.

रामभाऊंनी पडद्याकडे हात केला. “तिकडे समुद्र. म्हणजे ती नॉर्थ. म्हणजे आग्नेय ही.” आणि दाराजवळचा, चपलांच्या रॅकमागचा कोपरा दाखवला. जमलेल्यांत तीन इंजिनीअर होते. तिघांनीही मान डोलावली. जुलैत कुवेतमध्ये पडदा उघडून बाहेर बघायची पद्धत नाही.

मी फरशी काढली, वास्तुपुरुषाला सात धान्यांसकट मातीच्या बोळक्यात झोपवलं आणि वरून प्लँटमधून आणलेलं सिमेंट लावलं. भट्टीच्या विटांना लावतात ते, पांढरंफटक. हजार डिग्रीला तडा जात नाही. पिवळ्या जुन्या फरशीत तो तुकडा नव्या दातासारखा दिसायला लागला, म्हणून रॅक पुन्हा त्याच्यापुढे सरकवला.

“आता तोंड सांभाळायचं,” ताई म्हणाल्या. “तो ऐकतोय.”

“ताई, मालक स्पेनहून परतच आला नाही तर भाडं कुणाला द्यायचं हो?”

“मेल्या!” त्यांनी मला प्रसादाच्या चमच्याने मारलं.

दोन ऑगस्टला सकाळी रस्त्यावर रणगाडे होते. इराकी फौज आत आली, मालक बाहेर होता तो बाहेरच राहिला, आणि भाडं कुणाला द्यायचं ते कळेना. ताई जिन्यात भेटल्या. त्यांनी नुसतं बघितलं. त्या नजरेने इस्पितळात सलाइन आपोआप सुरू होत असेल.

प्लँट बंद झाला. फोन बंद, बँका बंद. मला बसवेना. गॅसच्या शेगडीपासून चपलांच्या रॅकपर्यंत आणि परत, असा मी दिवसभर चालायचो. गालिच्यावर माझ्या पायांची वाट पडली, गुरांची पडते तशी. खाली रस्त्यावर लोक घरं विकत होते. आधी टीव्ही एका गॅस सिलिंडरला जायचा, मग तांदळाच्या पिशवीला, मग मालक स्वतः खांद्यावर उचलून ‘घ्या हो’ म्हणत मागे लागायचा. जो तो बसरा, बगदाद करत जॉर्डनमधलं अम्मान गाठायच्या मागे होता. अम्मानहून पुढे विमान होतं. अम्मानपर्यंत बस होती. बसला पैसे होते, आणि ते कुणाकडे नव्हते, कारण सगळ्यांचे पैसे बँकेत होते किंवा, माझ्यासारख्याचे, भिंतीतल्या खिळ्यांत.

असाच चालता चालता एका सकाळी मी पडदा उघडला. किनाऱ्यावर शिपाई खंदक खणत होते, ते बघायला. आणि समुद्रातून सूर्य वर येत होता.

मी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. सूर्य चुकत असेल असंही वाटून पाहिलं. मग धावत रामभाऊंकडे गेलो. ते पलीकडच्या गल्लीत सुतळीने बॅग बांधत होते. त्यांची बस त्याच दिवशी होती.

“रामभाऊ, सूर्य समुद्रातून उगवतो.”

“मग?”

“मग समुद्र पूर्वेला आहे.”

रामभाऊंच्या हातातली सुतळी थांबली. “ड्रॉइंगवर तर समुद्र वर असतो.”

झालं होतं असं, की मोठ्या प्लँटमध्ये पाइप आणि टाक्या कागदावर सरळ काढता याव्यात म्हणून ड्रॉइंगवाले आपली सोयीची उत्तर ठरवतात. तिला प्लँट नॉर्थ म्हणतात. आमच्या प्लँटमध्ये जेटीची बाजू, म्हणजे समुद्र, ती प्लँट नॉर्थ. खरी उत्तर वेगळीकडे, पण तिच्याशी कामगाराचा संबंध येत नाही. ‘नॉर्थचा व्हॉल्व्ह बंद कर’ म्हटलं की आम्ही समुद्राकडे पळायचो. आणि रामभाऊ तर वीस वर्षं पळत होते.

“म्हणजे आपण त्याला प्लँट नॉर्थप्रमाणे पुरला,” मी म्हटलं.

“प्लँट नॉर्थप्रमाणे अगदी बरोबर पुरला,” रामभाऊ म्हणाले. मग बॅगेवर बसले. “वीस वर्षं इथे आहे रे. खरी उत्तर कुठे ते मी विचारलंच नाही कुणाला.”

ते गेले. कॅसेट बॅगेत होती, तीही गेली.

ताईंना सांगितलं तेव्हा त्या ड्यूटीवरून आल्या होत्या आणि माझ्या दारात उभ्या होत्या. बोटाने हवेत चौकोन काढून त्यांनी दिशा फिरवून बघितल्या. “समुद्र पूर्व. म्हणजे आग्नेय तुझ्या किचनात, सिलिंडरखाली. आणि हा तू पुरलास तो कोपरा...” बोट थांबलं. “नैऋत्य! अरे, ती राक्षसांची दिशा!”

“तरीच त्याला नेमके माझे विनोद आवडतात.”

“गप्प. काढून किचनात ठेवू.”

“कॅसेट गेली.”

“मग नको. मंत्राशिवाय हात लावायचा नाही. आहे तसा राहू दे, आणि तू तोंड उघडू नकोस.”

मी तोंड उघडलं नाही. जे झालं ते ताईंकडूनच झालं.

लिफ्ट बंद पडलेली होती आणि नळाला पाणी नव्हतं. ताई दोन ड्यूट्या सलग करून, खालून पाण्याचा कॅन घेऊन तीन जिने चढल्या आणि माझ्या उघड्या दारातून आत येऊन थेट चपलांच्या रॅकवर बसल्या. धाप लागली होती. पदराने मान पुसली.

“बाई बाई बाई,” त्या म्हणाल्या. “आता मेले तरी या बिल्डिंगमधून हलायची नाही मी.”

मग आम्ही दोघांनीही खाली बघितलं. ताई रॅकवरून ताडकन उठल्या आणि स्वतःच्या गालांवर चापट्या मारल्या. उजव्या, डाव्या, पुन्हा उजव्या.

“ऐकलं असेल रे?”

“त्याच्या अंगावर एवढ्या चपला आहेत, काय ऐकू येणार?”

त्या हसल्या नाहीत. माझ्या विनोदाला त्या एरवीही हसत नसत, पण हे न हसणं वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी त्या सकाळीच आल्या आणि म्हणाल्या, “फ्लॅट वीक. मिळेल त्याला. आपण दोघं निघू.”

आता विकायचं म्हणजे कसं, तर घेतलं त्याच्या पासंगालाही न पुरणाऱ्या किमतीत. आणि असं विकताना ज्याचे पैसे घरात अडकलेत त्याने ‘ठीक आहे, उरलेले बुडाले’ म्हणावं लागतं. ताई म्हणायला तयार होत्या. घेणारा मात्र हवा होता, आणि अख्ख्या कुवेतमध्ये तेव्हा घर घ्यायला निघालेला माणूस एकच होता.

उस्मानभाई मूळचे कासरगोडचे. सगळे पळत असताना ते राहणार होते, कारण दुकानातला माल त्यांना टाकवत नव्हता आणि शिपाई रोज येऊन त्यातला थोडा थोडा न विचारता नेत होते. त्यांना तांदूळ आणि दूध पावडर वर कुठेतरी लपवायची होती. आणि त्यांच्या पुतण्याची अम्मानला जाणारी बस होती. पैसे उस्मानभाईंकडेही नव्हते. सीटा होत्या.

ते वर आले, हॉलभर फिरले, कपाटाचं दार उघडून बंद केलं.

“एक सीट,” ते म्हणाले.

“एक?” ताई कमरेवर हात ठेवून पुढे झाल्या. “दो एसी है, उस्मानभाई. गालिचा है.”

“चावल को एसी नहीं मांगता, सिस्टर.”

“किचन का कपाट देखो. सब नया है.”

“कपाट में कितना आएगा? चार बोरी. एक सीट.”

ताईंनी माझ्याकडे बघितलं, मग रॅककडे, आणि आवाज खाली आणला. “इस घर में भगवान है. नीचे, जमीन में. घर में जो बोलो, वो हो जाता है.”

उस्मानभाईंनी टोपी मागे सरकवली. “जो बोलो वो?”

“जो बोलो वो.”

“फिर आप लोग भाग क्यों रहा है?”

“ये बोलता है, इसलिए,” ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

उस्मानभाईंना हे पटलं. मला ते जुलैपासून ओळखत होते. रॅक बाजूला करून ते त्या पांढऱ्या तुकड्यापाशी उकिडवे बसले आणि दुकानात उधारी मागायला आलेल्याशी बोलावं तसं त्याच्याशी बोलले. “मेरा माल इधर सेफ रहेगा.” मग कान देऊन थांबले. “कुछ बोला नहीं.”

“अंदर से बोलता है,” ताई म्हणाल्या.

उस्मानभाई उठले, बाहेर जाऊन जिन्यातून खाली डोकावले आणि परत आले. “तीसरा माला, लिफ्ट बंद. वो लोग आलसी है, चढ़ेगा नहीं. ठीक है. दो सीट. शुक्रवार की बस.”

ताईंनी माझ्याकडे वळून एकदाच मान हलवली. “दोन सीटा. एक तुझी, एक माझी. तुझं माझं फिटलं.”

“ताई, राहिलेले मी तिकडे गेल्यावर...”

“राहिलेले नाहीत. म्हटलं ना फिटलं? आणि इथे बोलू नको.”

मी एवढा खूश झालो की मला राहवलं नाही. “नाहीतरी तीन जिने चढून इथे फौज काय फरश्या मोजायला येणार आहे?”

ताईंनी हातातली पर्स माझ्या डोक्यात घातली. पण वाक्य बाहेर पडलेलं होतं.

शिपाई दुसऱ्या दिवशी सकाळी आले. तिघे. वायरलेस सेट शोधत होते. कुणीतरी बिल्डिंगचं नाव सांगितलं होतं म्हणे. गाद्या उलट्या केल्या, कपाटं उघडली, माझा लग्नाचा अल्बम पान पान बघितला आणि शलाकाच्या फोटोवर आपसात काहीतरी बोलले. निघताना एकाचा पाय रॅकला लागला. रॅक सरकला. मागे नवा दात.

पिवळ्या फरशीत पांढरं सिमेंट. दाराजवळ. चपलांमागे लपवलेलं. मी शिपाई असतो तर मीही माझ्यावर बंदूक रोखली असती.

एवढं मात्र सांगतो. हीच गोष्ट किचनात, खऱ्या आग्नेयेला, सिलिंडरखाली असती तर त्यांना जन्मात दिसली नसती.

त्यांनी संगिनीने खोदायला घेतलं. हजार डिग्रीचं सिमेंट. संगिनीचं टोक वाकलं. मग बंदुकीचा दस्ता. मग एकजण घामाघूम होऊन खाली बसला आणि त्याने चहा मागितला. मी बिनदुधाचा चहा केला. आवाज ऐकून ताई समोरच्या दारातून आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कुणाच्याच काही हाती लागेना, आणि बंदूक तर रोखलेलीच, तेव्हा शेवटी माझीच छिन्नी आणि हातोडी मी त्यांना दिली. वर धरायचं कसं तेही दाखवलं.

बोळकं निघालं. धान्य निघालं. आणि धान्यात पालथा झोपलेला चांदीचा माणूस.

तिघांतला सगळ्यात तरुण, माझ्याच वयाचा, त्याने तो तळहातावर घेतला. “मिनू हादा?” म्हणजे हा कोण?

माझं अरबी प्लँटमधलं. नमस्कार, पगार, व्हॉल्व्ह उघडा, व्हॉल्व्ह बंद. “साहिब अल-बैत,” मी म्हटलं. घराचा मालक.

तो माझ्याकडे बघत राहिला. मालक, एवढासा, फरशीखाली, तोंड खाली करून. त्याने मला विचारलं, मेलाय का? मी म्हटलं, नाही, ऐकतोय. कसं सांगायचं कळेना, तेव्हा मी वास्तुपुरुषाच्या डोक्याकडे बोट केलं आणि म्हटलं, कान, मफ्तूह. मफ्तूह म्हणजे उघडा. आम्ही व्हॉल्व्हला म्हणतो. मग तोंडाकडे बोट नेलं आणि म्हटलं, तुम्ही बोला, हा म्हणतो, होईल.

बाकीचे दोघं हसले. तो हसला नाही. त्याने ती मूर्ती ओठांजवळ नेली आणि हळूच काहीतरी पुटपुटला. मला एकच शब्द कळला. बैत. घर. मग त्याने वास्तुपुरुष छातीवरच्या खिशात टाकला, बटण लावलं, वरून थोपटलं आणि तिघं जिना उतरून गेले. चहाचे कप त्यांनी स्वतः सिंकमध्ये ठेवले होते, हे सांगितलं की नाशिकमध्ये कुणी विश्वास ठेवत नाही.

उस्मानभाई दुपारी आले. खड्ड्याकडे बघितलं, मग जिन्याकडे.

“चढ़ गया वो लोग,” ते म्हणाले.

“एक बार चढ़ा. फिर नहीं चढ़ेगा,” मी म्हटलं.

“तुम मत बोलो,” ताई आणि उस्मानभाई एकदम म्हणाले.

“सिस्टर, अब ये गोदाम नहीं है. उनको रास्ता मालूम हो गया. और आपका भगवान भी ले गया.” त्यांना वाईट वाटत होतं. तो माणूस वाईट नव्हता. “एक सीट. ज्यादा मेरा भतीजा नहीं देगा.”

मला वाटलं ताई भांडतील. कपाटं, गालिचा, खिळे, सगळं पुन्हा मोजून दाखवतील. त्यांनी खड्ड्यात बघितलं, एक गहू उचलून दोन बोटांत फिरवला आणि म्हणाल्या, “मंजूर.”

उस्मानभाई बोरी आणायला खाली गेले.

“तुम्ही जा, ताई,” मी म्हटलं. “पैसे तुमचे. सीट तुमची.”

“मी हॉस्पिटलच्या बसने येणार आहे. पुढच्या गुरुवारी. नर्सेसची बस आहे.”

“कोण म्हणालं?”

“मेट्रन.”

“मेट्रन तर ऑगस्टातच गेल्या.”

“नवी मेट्रन.”

“नाव काय?”

“तू काय प्रेशर गेज तपासतोयस का माझं?” ताईंचा आवाज चढला. “तुझी बायको लग्न होऊन नऊ महिने माहेरी बसली आहे.”

“आणि तुमचा मुलगा?”

 ताई शेगडीपर्यंत गेल्या, परत आल्या. माझ्याच पायवाटेवरून. “वॉर्डात मी धरून तिघी उरलोय,” त्या म्हणाल्या. “तिघींच्या दोघी झाल्या की काय होतं ते तुला नाही कळायचं. गुरुवारपर्यंत बदली येते म्हणाले आहेत. आली की मी निघाले.”

“मी नाही जाणार.”

“सुशांत, सावकार कोण? मी की तू?”

“तुम्ही.”

“घर कमीत विकायला कुणाचा होकार लागतो?”

“तुमचा.”

“मग माझा होकार आहे, पण अट आहे. सीटवर तू बसायचं. नाहीतर होकार नाही, विक्री नाही, आणि माझे सगळे पैसे आत्ताच्या आत्ता मोजून दे.”

मी बरीच वर्षं विनोद करतोय. असा बिनतोड मला एकदाही सुचला नाही.

शुक्रवारी सकाळी त्या ड्यूटीच्या पांढऱ्या कपड्यांत माझ्या दारात आल्या. उस्मानभाईंची माणसं तांदूळ लावत होती. ताईंनी डब्यात चपात्या दिल्या, मुलासाठी एक घड्याळ दिलं, आणि उंबऱ्याच्या आत येऊन मुद्दाम, मोठ्याने, शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाल्या, “पुढच्या गुरुवारी अम्मानला भेटू. मी सुखरूप येते.”

सवयीने आम्ही दोघांनी खाली बघितलं. खड्डा रिकामा होता. तळाला थोडी हरभऱ्याची डाळ.

“असू दे,” ताई म्हणाल्या. “बोलायचं काम आपलं.”

एका माणसाने तांदळाची बोरी आणून नेमकी खड्ड्यावर ठेवली. मी निघालो.

अम्मानला तंबूत होतो. गुरुवार आला. बस आली. तीत नर्सेस होत्या, पण केरळच्या, आणि दुसऱ्या इस्पितळातल्या. शेवटची नर्स उतरल्यावर मी बसमध्ये चढून सीटांखालीही बघितलं. ड्रायव्हरने विचारलं काय हरवलं? मी म्हटलं, माणूस. विमानात बसायचं नाव पुकारलं तेव्हा मी पुढच्या गुरुवारपर्यंत थांबतो म्हणालो. तिथल्या माणसांनी मला दंडाला धरून विमानात बसवलं.

आता मार्च आहे. लढाई संपली. फौज परत गेली, जी परत पोचली ती. नाशिकला आमच्या दोन खोल्यांत मी बिछान्यापासून मोरीपर्यंत चालतो आणि शलाका म्हणते, बसा हो जरा, खालचे लोक वर येतील. देवरुखला पत्र टाकलं. घड्याळ पोचल्याचं मुलाचं उत्तर आलं. आईचं पत्र नाही, असंही त्यात होतं. कुवेतचा फोन लागत नाही. लागला तर कुणाला लावायचा तेही ठरवलेलं नाही. मध्यंतरी रामभाऊ सातपूरला भेटले. त्यांनी भिंतीवर लहान होकायंत्र लावलंय. “पण सांगू का,” ते म्हणाले, “प्लँट नॉर्थप्रमाणे आपलं बरोबरच होतं.”

एवढ्या धावपळीत एकच गोष्ट करायची राहिली होती, ती आज केली. कार्बन कॉपी ठेवली आहे. मूळ प्रत कुठे टाकायची ते पोस्टातल्या माणसालाही माहीत नाही.

प्रति,
श्री. वास्तुपुरुष,
पूर्वीचा पत्ता : फ्लॅट, तिसरा मजला, अबू हलीफा. नेमणूक आग्नेयेस, प्रत्यक्ष हजेरी नैऋत्येस.
सध्याचा पत्ता : एका शिपायाचा छातीवरचा खिसा, बटण लावलेला.

विषय : एक वाक्य रद्द करणे व एक वाक्य मंजूर करणे याबाबत.

महोदय,

१. श्रीमती चारुशीला, स्टाफ नर्स, यांनी तीन जिने चढून आल्यावर पाण्याचा कॅन खाली ठेवताना जे वाक्य आपल्या डोक्यावर बसून उच्चारले, ते दमणुकीचे असून मागणीचे नव्हते. त्यावर आपण तथास्तु म्हटले असल्यास ते काढून घ्यावे. अर्जदाराने त्या घरात केलेले सर्व विनोद वाटल्यास कायम ठेवावेत.

२. आपली नेमणूक चुकीच्या कोपऱ्यात झाली, याबद्दल दोष प्लँट नॉर्थचा असून सदर महिलेचा नाही.

३. आपल्या खिशाच्या मालकाने आपल्या कानात घराविषयी जे सांगितले ते आधी मार्गी लावावे. त्याची पाळी आधी होती, हे अर्जदारास मान्य आहे.

४. त्यानंतर, सदर महिलेने शुक्रवारी सकाळी उंबऱ्याच्या आत उभे राहून, मोठ्याने व स्पष्ट शब्दांत, अम्मानला सुखरूप येण्याबाबत जे वाक्य उच्चारले, त्या वेळी आपण जागेवर नव्हता व जागा रिकामी होती. तरी ते वाक्य आपल्या हजेरीत उच्चारले गेले असे धरून, उच्चारल्या दिवसापासून मागील तारखेने त्यास तथास्तु लागू करण्यात यावे, आणि तसे संबंधित बसच्या ड्रायव्हरला कळवावे.